आज आख्यान खयचा?

जत्रेच्या दिवशी दुपारी आमच्या पडवीत दोन-तीन राजे, एखादा राक्षस आणि एक पतिव्रता असे ओळीने घोरत पडलेले असायचे. अंगावर बनियन आणि लुंगी, उशाला दंडाची घडी. आदल्या रात्री दुसऱ्या कुठल्या गावात पहाटेपर्यंत लढून आलेली माणसं ती. आमचं घर देवळाच्या खालच्या अंगाला, त्यामुळे दशावताराच्या, म्हणजे जत्रेत रात्रभर पुराणातली नाटकं करणाऱ्या, कंपनीचं जेवणखाण आणि झोप आमच्याकडे, असं आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. पोरांना पडवीतून पाय न वाजवता जायची ताकीद. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचा होता, तो १९८१ साली झाला. आम्ही अजून रत्नागिरीतच होतो. मला सकाळपासून एकच प्रश्न सतावत असायचा, आणि जो जागा दिसेल त्याला मी तो विचारत सुटायचे : आज आख्यान खयचा? म्हणजे, आज रात्री गोष्ट कुठली?

उत्तर कुणापाशीच नसायचं. लपवालपवी नव्हती, खरंच ठरलेलं नसायचं. चारच्या सुमाराला कंपनीचे मालक उठायचे, विहिरीवर तोंड धुऊन यायचे आणि कपबशी हातात घेऊन आजोबांना विचारायचे, "गेल्या वर्सा काय झाला?" आजोबा आठवायला लागायचे, हमखास चुकायचे आणि आतून आत्या ओरडायची, "वृंदा-जालंदर! तो जालंदर पडलो तेव्हा बाकडा मोडला, इसारलास?" मग वृंदा-जालंदर बाद. कुणा मानकऱ्याला कीचकवध हवा असायचा, कुणाला राजा हरिश्चंद्र. कुणाच्या घरी नुकतंच काही वाईट घडलेलं असेल तर चिलया बाळ नको, तेवढं रडणं त्या माउलीला झेपायचं नाही, हेही तिथेच बोललं जायचं. दिवेलागणीला कधीतरी मालक मान हलवायचे. झालं. रात्री पाच-सहा तास चालणारं नाटक एवढ्या बोलण्यावर उभं राहायचं.

लिहिलेलं नाटक दशावतारात नसतंच. देवळाच्या बाजूला एक दिवा, त्याच्याभोवती जो तो आपापला आरसा मांडी घालून धरलेला. पांढरा सफेदा, पिंजर, काजळ. प्रत्येकजण आपलं तोंड आपणच रंगवणार. ते रंगवता रंगवता मालक सांगायचे, तू कीचक, तू बल्लव, तू सैरंध्री. पहिला प्रवेश विराटाच्या दरबारचा, मग राणी सुदेष्णा आणि तिची दासी सैरंध्री, म्हणजे वेष बदललेली द्रौपदी, मग तिच्यावर कीचकाची नजर पडते. इतकंच. पुढचं प्रत्येक वाक्य ज्याने त्याने तिथे बाकड्याजवळ उभं राहून जन्माला घालायचं. आणि ते बाकडं म्हणजे सगळं नेपथ्य. राजा बसला की सिंहासन, सुदेष्णा बसली की अंतःपुर, कुणी त्यावर चढला की पर्वत. आजही मला महागडं नेपथ्य पाहिलं की थोडी कीव येते.

ही कला कोकणात कुणी आणली यावर आमच्याकडे ठरलेलं उत्तर आहे : आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी, १७२८ च्या सुमारास, कर्नाटकातून. लहानपणी मीही ते पाठ म्हणायचे. पण रामदासांच्या दासबोधात, म्हणजे त्याआधीच्या शतकात, दशावतारी खेळणाऱ्यांचा उल्लेख आहे. खेळात सुंदर नारी येतात, डोळे मोडतात, 'परी ते अवघे धटिंगण', असं समर्थ लिहून गेलेत. तेव्हा काळ्यांनी काय ते नेमकं केलं असेल ते असो. लुगडं नेसलेल्या पुरुषाकडे पाहून हसणारा आणि तरी पाहत राहणारा प्रेक्षक त्यांच्या आधीपासून बसलेला होता.

त्या धटिंगणांचं आमच्या आत्याशी खास नातं होतं. स्त्रीपार्ट करणारा माणूस दुपारी सगळ्यांच्या आधी उठायचा आणि मागच्या दारी येऊन बसायचा. बायका नारळ खवत, तांदूळ निवडत असायच्या. तो गप्पा मारायचा, पण डोळे त्यांच्या हातांवर असायचे. एकदा आत्याने त्याला सरळ सुनावलं, "काल म्हणे तू दमयंती केलंस आणि पदर डाव्या हातान सावरलंस. बाई भांडा उजव्या हातात घेता तेव्हा डाव्यान सावरता. हातात काय नसताना कशाक?" त्याने वाद घातला नाही. हातात रिकामी कळशी घेऊन अंगणात चारदा फेऱ्या मारल्या. आत्या उंबऱ्यावरून बघत होती. चौथ्या फेरीला म्हणाली, "आता बरा." रात्री नेसायला तिने स्वतःची जरीकाठाची साडी दिली, आणि ती दिली म्हणून सगळं नाटक जिवावर घेऊन पाहिलं, दमयंती रानात भटकायला लागली की हिला काटे साडीला लागल्यासारखे वाटायचे.

नाटक सुरू व्हायचं ते मध्यरात्रीनंतर. आधी देवीच्या ओट्या भरायच्या, गाऱ्हाणी व्हायची, 'होय म्हाराजा'चा गजर व्हायचा, पालखी वाजतगाजत देवळाभोवती फिरायची. पालखी जाग्यावर बसली की मग जागा नाटकाला मोकळी. तोवर बायकांनी दुपारीच टाकून ठेवलेल्या चटया आणि गोणपाटं भरलेली, पोरं आडवी झालेली, खाज्याच्या पुड्या अर्ध्या संपलेल्या. गुळाचं आणि आल्याचं ते खाजं, जे खाल्ल्यावर बोटं एकमेकांना चिकटतात. अंधारात ती बोटं नेमकी शेजारणीच्या साडीला पुसली जायची.

आणि मग पखवाजावर पहिली थाप.

वाद्यं तीनच. पायपेटी, पखवाज, झांज. पायाने भाता मारायचा म्हणून पेटीवाल्याचे दोन्ही हात मोकळे, आणि त्या दोन हातांवर सगळा खेळ तोललेला. मला तेव्हा राजे दिसायचे. पेटीवाला दिसायला लागला तो फार उशिरा, चाळिशी ओलांडल्यावर. पुढे काय होणार हे त्यालाही माहीत नसतं. नट बोलत बोलत एखादा शब्द जरा लांबवतो, "...आणि हे दुर्दैवाऽऽ", त्या लांबवण्यात सूर असतो. पेटीवाला तो सूर उचलतो, दाबून धरतो, नट त्यावर पाय ठेवून पदात शिरतो. शब्दही बऱ्याचदा तिथल्या तिथे केलेले, चाल एखाद्या जुन्या नाट्यपदाची. नटाचा श्वास अपुरा पडला तर पेटी दोन आवर्तनं जास्त वाजते. नट रेंगाळला, कंटाळा यायला लागला, तर पखवाजवाला मधेच असा एक तुकडा टाकतो की पुढच्या पात्राला आत यावंच लागतं. कुणी कुणाला खूण करताना दिसत नाही. लढाईत तर सगळा कारभार पखवाजाकडे. दोन योद्धे समोरासमोर, तलवारी एकमेकांना लागत नाहीत, पावलं मात्र बोलावर अशी पडतात की वार झाल्याचं पोटात कळतं. पहाट व्हायला आली आणि कीचक अजून मरायचा असेल तर पेटीवर हळूच भैरवी ऐकू यायला लागायची. नटांना समजायचं : आवरा.

पण या सगळ्याच्या आधी आडदशावतार. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, पूजा सांगायला भटजी येतो. आणि मग काळ्या कपड्यातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासुर. वेद चोरणारा दैत्य. शेवटी विष्णू त्याला मारणार हे ठरलेलं. आमचा सगळ्यात लाडका तोच. कारण साधं आहे, आणि ते लक्षात यायला मला मराठीची पदवी घ्यावी लागली हे कबूल करते. दशावतारात देव ग्रांथिक मराठी बोलतात, राजे बोलतात, पतिव्रता तर फारच बोलतात : 'प्राणनाथ', 'हे काय अघटित', 'या दासीवर कृपादृष्टी असावी'. मालवणी बोलतो तो एकटा संकासुर. आमची भाषा त्या रात्रभरात राक्षसाच्या तोंडी असायची आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तो भटजीला गावच्या रस्त्याबद्दल विचारायचा. पुढारी पूल बांधून देणार होते, त्या पुलावरून आपण आताच आलो, पाणी गळ्यापर्यंत होतं म्हणायचा. संकासुर करणारा नट दुपारी झोपायचा नाही. चहाच्या हॉटेलात बसून गावातली भांडणं गोळा करायचा. एका वर्षी त्याने आजोबांच्या आंब्याच्या बांधावरून चाललेल्या वादाला हात घातला. आजोबा पहिल्या रांगेत मानाच्या जागी. सगळं गाव त्यांच्याकडे वळून हसलं. बांध पुढच्या आठवड्यात मागे सरकला. कोर्टात तो आणखी वीस वर्षं हलला नसता.

मानाच्या जागी, असं आत्ता सहज लिहून गेले. ते सहज नव्हतं. पुढे कुणी बसायचं, पालखीला खांदा कुणी द्यायचा, कुणी लांबून पाहायचं, हे सगळं आखलेलं होतं आणि आमचं घर त्या आखणीच्या सोयीच्या बाजूला होतं. संकासुराने त्या आखणीची थट्टा केलेली मला आठवत नाही. बांधापर्यंत त्याची मजल होती.

माझ्या घरात वाद व्हायचे ते नटांवरून. बाबी कलिंगणांचा खलनायक भारी की कुणाचा, राजा करावा तो कुणी, स्त्रीपार्टात ओमप्रकाश चव्हाणांच्या तोडीचं कोण. वडील मुंबईहून रजा काढून यायचे ते कंपनी कुठली आहे हे विचारून. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, आजगावकर, आरोलकर, नेरूरची कलेश्वर मंडळी. नावं कुलदैवतांसारखी घेतली जायची. पुढे सुधीर कलिंगण गेले, २०२२ साली, तेव्हा आमच्या गाववाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एरवी तो ग्रुप गुड मॉर्निंगच्या फुलांसाठीच आहे.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या चुकीबद्दल. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही मुंबईतल्या गाववाल्यांनी ठरवलं की दशावतार शहरात आणायचा, चांगल्या वातानुकूलित नाट्यगृहात, मालवणी न कळणाऱ्यांनाही दाखवायचा. पुढाकार माझा. पत्रिका छापली, तीत आख्यानाचा सारांश दिला, वेळ अडीच तास. आडदशावतार पंधरा मिनिटांत उरकायचा असं मीच मालकांना सांगितलं. नट तेच, पेटीवाला तोच. प्रेक्षागृह भरलं. लोक शिस्तीत बसले, मोबाइल बंद केले, अंधार झाला. आणि काहीच होईना. वाक्यं येत होती, पदं होत होती, सगळं कसं बंद काचेमागे चालल्यासारखं. पदं संपली की टाळ्या वाजत होत्या, त्याही नेमक्या. युद्धाला तोंड लागतं न लागतं तोच वेळ संपल्याचा निरोप आला आणि पडदा पडला. राक्षस त्या रात्री मेलाच नाही.

नंतर मागे चहा पिताना मी माफी मागितली. स्त्रीपार्ट करणारे काका पदर काढून घडी घालत होते. म्हणाले, "तुमचा काय चुकला नाय. लोका आयकत होती. पण बोलत नव्हती."

बोलत नव्हती! आमच्याकडे नाटकात लोक बोलतात, हे मी विसरले होते. गावातलं प्रत्येक माणूस आख्यान जाणतं. कीचक मरणार, हरिश्चंद्र डोंबाघरी पाणी भरणार, नळ झोपलेल्या दमयंतीला सोडून जाणार. पुढे काय होणार हे बघायला कुणी आलेलं नसतं. ते यंदा हा कसा सोडून जातो हे बघायला येतात. म्हणून बोलतात. "असो कसो जातंस रे?" असं एखादी म्हातारी नळाला विचारते. नळ थांबतो. त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर कुठेच लिहिलेलं नसतं. त्या एका प्रश्नामुळे कधी कधी अर्ध्या तासाचा प्रवेश निघतो आणि पेटीवाल्याला नवीन पद शोधावं लागतं. आम्ही नाट्यगृहात नट नेले, वाद्यं नेली, बाकडं नेलं. म्हातारी न्यायची राहिली. शिवाय मी तिच्या जागी सारांश छापला होता, आणि गोष्ट माहीत असणं आणि सारांश वाचलेला असणं यातला फरक मला त्या रात्री कळला.

दरम्यान गावाकडेही बरंच बदललं. पूर्वी पेटारा डोक्यावर घेऊन डोंगर तुडवत या गावाहून त्या गावी जाणारी कंपनी आता स्वतःच्या टेम्पोने येते, पेडण्यापर्यंत जाऊन परत येते. गॅसबत्तीच्या जागी दिव्यांच्या माळा आल्या. डोक्यावर माइक लोंबतात, त्यामुळे नटांचे घसे वाचले हे मी मोठ्या आनंदाने लिहिते. जुन्या नटांचे आवाज चाळिशीत फाटलेले मी पाहिलेत. ट्रिकसीन आले : धूर निघतो, मुंडकं उडतं, नाग फणा काढतो. आत्याला ते फार आवडायचं. मला आवडत नाही, पण नाक मुरडायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही, मी वर्षातून एक रात्र पाहणार आणि परत जाणार. जत्रा संपल्या तरी वाढदिवस, सत्यनारायण, गणपती असे प्रयोग होतात. नटाच्या घरात पैसे येतात. डिप्लोमा केलेली मुलं कंपनीत दिसतात. यूट्यूबवर नाटक थेट दिसतं, आणि दुबईतला चुलतभाऊ तिथून खाली लिहितो, 'राजाचो आवाज बसलो वाटता.' तेही बोलणंच झालं म्हणा, फक्त राजाला ऐकू जात नाही.

बायकांच्याही दशावतारी मंडळ्या निघाल्या. मी मोठ्या उत्साहाने आत्याला एक प्रयोग दाखवायला नेलं, तिच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत. सगळा वेळ गप्प बसून तिने पाहिला. परतताना रिक्षात म्हणाली, "राजा बरो केल्यान त्या चेडवान. पण दमयंती... बाईसारख्या चालाक शिकाक होया तिका."

गेल्या वर्षी जत्रेला माझ्याबरोबर भाचीची मुलगी होती. सात वर्षांची, ठाण्याची. पडवी आता बंदिस्त आहे, कंपनी शाळेत उतरते. तरीही मी दुपारी सवयीने विचारून आले, टेम्पोच्या सावलीत बसलेला पखवाजवाला हसला, "बघूया, रात्री कळात." रात्री कीचकवध लागला. पोरीला गोष्ट ठाऊक नव्हती. माझ्या शेजारी बसलेल्या वहिनींनी ती तिच्या कानात सांगायला सुरुवात केली, एक पाऊल पुढे राहून, आणि बरीच चुकीची. पांडव वेष बदलून राहिलेत, ही दासी दिसते ती खरी राणी आहे, तो मिशीवाला वाईट आहे. बृहन्नडा आली तेव्हा गोंधळ झाला. बाई झालेला पुरुष आणि बाईच्या वेषात लपलेला अर्जुन यांत फरक काय, असं पोरीने विचारलं. वहिनी म्हणाल्या, "ती सैरंध्री बाई आसा. ह्यो पुरुष आसा." दोघेही पुरुष आहेत हे सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

तीन वाजले असतील. निम्मी चटई झोपलेली. सुदेष्णा सैरंध्रीला म्हणते, कीचकाच्या महाली जा आणि माझ्यासाठी मद्य घेऊन ये. सैरंध्रीने पात्र उचललं. उजव्या हातात, पदर डाव्या हाताने सावरला. पोरीला वहिनींनी पुढचं आधीच सांगून ठेवलेलं. ती ताडकन उभी राहिली आणि ओरडली, "जाऊ नको!"

झोपलेल्या चार जणी उठून बसल्या. मी तिचा फ्रॉक ओढला. सैरंध्री दोन पावलं गेली होती, ती थांबली. वळली. पात्र बाकड्यावर ठेवलं आणि चट्यांच्या कडेपर्यंत आली, इतकी जवळ की गालावरच्या रंगाला पडलेल्या भेगा दिसत होत्या.

"बाळे," ती म्हणाली, "राणीसाहेबांची आज्ञा आहे. दासीला नाही म्हणता येतं का? तूच सांग, काय करू?"

पेटीवाल्याने सूर दाबून धरला होता. पखवाजवाला हात वर धरून थांबला होता. सगळं देऊळ पोरीकडे बघत होतं.